पुढे सरका, पण विचारून: परळच्या एका किराणा दुकानाबद्दल

दुकानाचं नाव मुद्दाम घालत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, त्या मालकांना तोंडावर सांगून झाल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या त्यांनी मान्यही केल्या आहेत. त्या आता नावानिशी चारचौघांत मांडायची गरज नाही. परळ-लालबागच्या मंडळींना वर्णनावरून दुकान ओळखू येईल. चाळ पाडून टॉवर झाला, त्याच्या खाली दोन गाळे जोडून हे किराणा बझार काढलंय. टोपली उचलायची, आपल्या हाताने सामान घ्यायचं, शेवटी काउंटरवर बिल करायचं. चार वर्षं झाली, महिन्याचं वाणसामान मी इथूनच भरतो. शिवाय मधेअधे दूध, पाव, थोडी भाजी.

मालाबद्दल फार लिहीत नाही. माल चांगला असतो. तूरडाळ निवडावी लागत नाही, उकडा तांदूळ बारमाही मिळतो, कोकमं सुकून कडक झालेली नसतात. भाव इतर दुकानांपेक्षा दोन-चार रुपये इकडेतिकडे. मी लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणासाठी. किराणा घ्यायला गेलं की अर्धा-पाऊण तास आपण अनोळखी माणसांना खेटून वावरत असतो. तो वेळ कसा जातो, हे दुकानाबद्दल सांगताना कोणी सांगत नाही. मला विचाराल तर आधी तेच सांगायला हवं.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. १९८९ साली लागलो, २०२१ साली निवृत्त झालो. बत्तीस वर्षं मी गर्दी बघितली आहे आणि तिच्यात उभा राहिलो आहे. त्यामुळे कुठेही गेलो की माझं लक्ष आधी रांगेकडे जातं. नोकरीत एक गोष्ट मला पक्की कळली. माणूस धक्का देतो तेव्हा तो वाईट असतो म्हणून देत नाही. आपला नंबर लागेल की नाही याची त्याला खात्री नसते, म्हणून देतो. स्टॉपला रेलिंग आहे आणि ड्रायव्हरने गाडी बरोबर रेलिंगच्या तोंडाशी लावली, तर शंभर माणसांची लाइनसुद्धा नीट चढते. तीच गाडी वीस पावलं पुढे जाऊन थांबली, की तीच माणसं धावत सुटतात आणि म्हातारीकोतारी मागे राहतात. माणसं बदललेली नसतात, गाडी कुठे थांबली ते बदललेलं असतं.

हे या दुकानाला कळलंय, म्हणून मी इथे येतो. बिलाचे काउंटर दोन आहेत, पण लाइन एकच. जमिनीवर पिवळी पट्टी आहे. सगळ्यांनी तिच्यामागे उभं राहायचं, जो काउंटर मोकळा होईल तिकडे पुढच्याने जायचं. मालक म्हणाले, २०२० च्या टाळेबंदीत बाहेर फुटपाथवर खडूचे गोल काढावे लागले होते. गोल पुसले गेले, पण एका लाइनची सवय लोकांना लागली होती, म्हणून मग आत पट्टी रंगवून घेतली. आधी मी एका मोठ्या दुकानात जायचो, तिथे काउंटर सहा आणि लाइनी सहा. नवरा एका लाइनीत, बायको दुसऱ्या लाइनीत, मुलगा तिसऱ्या. ज्याचा नंबर आधी येईल त्याच्याकडे बाकीचे दोघे भरलेल्या ट्रॉल्या घेऊन धावणार. मागचा माणूस काय बोलणार? त्याच्या पुढे एकच पोरगा उभा होता, हातात चिप्सचं पाकीट, आणि क्षणात दोन ट्रॉल्या आल्या. त्या दुकानात रोज भांडणं व्हायची. लोक म्हणायचे, मुंबईतली माणसंच तशी झालीत. मी म्हणायचो, नाही हो, लाइनी सहा आहेत म्हणून.

या दुकानात ट्रॉल्याच नाहीत. हातात धरायच्या टोपल्या आहेत, आणि जड सामानासाठी चाकांच्या उभ्या टोपल्या, ज्या मागून ओढत नेता येतात. दोन रॅकमधली वाट जेमतेम तीन फुटांची असेल. त्यात ट्रॉली आडवी लावून कोणी फोनवर बोलत उभं राहिलं की सगळं ठप्प. ओढायची टोपली पायाशी उभी राहते, माणूस बाजूने निघून जाऊ शकतो. तरी एक सवय सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी: टोपली रॅकला चिकटवून ठेवा आणि आपणही त्याच बाजूला उभे राहा. बरेच जण टोपली एका बाजूला ठेवतात आणि स्वतः समोरच्या रॅकपाशी वाकतात. झाली नाकाबंदी. मी नोकरीत असतो तर म्हटलं असतं, "चला, पुढे सरका." आता मी म्हणतो, "ताई, जरा जाऊ का?" आणि थांबतो. बहुतेक वेळा त्या दचकतात, "अय्या, सॉरी काका" म्हणतात आणि बाजूला होतात. त्यांना अडवायचं नसतंच. महिन्याची यादी डोक्यात असली की मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. म्हणून विचारायचं ते चांगल्या आवाजात. मागून नुसतं "ओऽ" म्हणू नये. ते कुणाच्याही अंगावर येतं.

दुसऱ्याला पुढे सोडण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट सोपी वाटते आणि सोपी नाही. एका शनिवारी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, लाइनीत अकरा-बारा माणसं होती. मागून एक मुलगा आला, हातात फक्त ओआरएसची पुडी आणि ब्रेड. घरी कोणीतरी आजारी असणार हे हातातल्या वस्तूंवरूनच कळत होतं. पुढून चौथ्या नंबरच्या बाई म्हणाल्या, "तुझं दोनच आहे ना, ये माझ्यापुढे." भली बाई. पण त्यांच्या मागचे एक गृहस्थ चिडले, म्हणाले, "आम्ही काय रिकामटेकडे आहोत?" बाईंचा चेहरा पडला. मला दोघांचंही पटलं होतं. त्या बाईंनी फक्त आपली पाच मिनिटं दिली नव्हती, मागच्या आठ जणांचीही दिली होती, त्यांना न विचारता. बसमध्ये मी हेच बघितलंय. मध्येच कोणी ओळखीच्याला लाइनीत घेतो, त्याला वाटतं आपण मैत्री निभावली, आणि मागच्याची गाडी चुकते.

मी तेव्हा मध्ये बोललो. मागे वळून सगळ्यांना विचारलं, "यांच्या घरी आजारी माणूस दिसतंय, जाऊ दे का?" एकही जण नाही म्हणाला नाही. चिडलेले गृहस्थच पुढे झाले आणि मुलाला हाताने वाट करून दिली. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी विचारावं. तेव्हापासून मी कुणाला पुढे सोडतो तेव्हा आधी मागे बघतो आणि विचारतो. किंवा माझा नंबर त्याला देतो आणि मी त्याच्या जागी मागे जातो, म्हणजे दुसऱ्या कुणाचंच काही जात नाही. निवृत्त माणसाला हे परवडतं. ज्याला सात चाळीसची लोकल पकडायची आहे त्याने असं करावं अशी माझी अपेक्षा नाही.

"माझा नंबर आहे हां" म्हणून लाइनीत टोपली ठेवून मीठ आणायला जाणाऱ्यांबद्दल लोक चिडून असतात. मी थोडा त्यांच्या बाजूचा आहे. आम्ही चाळीत वाढलो. पिठाच्या गिरणीत डबे लाइनीत असायचे, डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली, आणि डब्याचा नंबर म्हणजे माणसाचा नंबर. रॉकेलला कॅन, आरेच्या केंद्रावर पहाटे दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या. कुणी डबा मागे सारला असं क्वचितच झालं. लालबागला उन्हाळ्यात मसाला कांडायला बायका येतात, ब्याडगी, संकेश्वरी भाजून घेतात आणि कांडपाच्या नंबरासाठी तासन् तास थांबतात. तिथे शेजारणीच्या भरोशावर मिरचीची पिशवी ठेवून बाई चहा पिऊन येते. पण त्यात एक न बोललेला करार असतो. डबा ठेवणारा ज्याच्या मागे उभा आहे त्याला सांगून जातो, आणि नंबर यायच्या आत परत येतो. न सांगता टोपली टाकून जाणं आणि नंबर आल्यावर सगळ्यांना ताटकळत ठेवणं हे डब्यासारखं नाही. एक वस्तू राहिली असेल तर मागच्याला सांगून धावत जाऊन या. तीन राहिल्या असतील तर टोपली घेऊन लाइनीतून बाहेर पडा. मी तरी असंच करतो.

आता भाजी. या दुकानात भाजीचा एक छोटा रॅक आहे आणि तिथे माझं मन दुखतं. भेंडी कोवळी आहे का बघायला लोक शेंडी मोडतात. मोडली की कोवळी, वाकली की जून. माझी आईसुद्धा मोडायची, पण ती मोडलेली भेंडी तिच्याच पिशवीत जायची. इथे लोक दहा मोडतात, चार घेतात आणि सहा शेंडीमोडक्या भेंड्या ढिगात परत टाकतात. संध्याकाळपर्यंत त्या काळ्या पडतात. ऑफिसातून सुटून साडेसातला जी मुलगी येते तिच्या वाट्याला त्या येतात. दुधी भोपळ्यात नख रुतवतात, तिथे तांबडा डाग पडतो. टोमॅटो दाबतात. मटाराच्या शेंगा सोलून तिथेच खातात. दुधीला नख न लावता नुसता हातात घेऊन बघा, कोवळा असला तर साल तकतकीत असते आणि वरची लव हाताला जाणवते. भेंडी मोडायचीच असेल तर दोन मोडा आणि त्या घ्या. ही भाजी आपल्यानंतर कुणीतरी शिजवणार आहे, तिच्या घरीही पोरं आहेत.

मी मालकांना म्हटलं की इथे पाटी लावा. त्यांनी पाटी लावली नाही. त्यांनी भेंडी पाव-पाव किलोच्या जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवायला सुरुवात केली. मोडणं थांबलं. पण मला ते तितकंसं आवडलं नाही, कारण एकट्या म्हाताऱ्या माणसाला पाव किलो भेंडी नको असते, त्याला दहा लागतात. तेही सांगितलं. आता थोडी सुटी ठेवतात, काउंटरजवळ, जिथे काम करणारी मावशी बघत असते. ती कुणाला ओरडत नाही. "दादा, मी निवडून देऊ?" एवढंच विचारते. हा तोडगा मला सगळ्यात पटला.

दुधाच्या फ्रीजपाशी आणखी एक गोष्ट बघतो. मागे हात घालून उद्याच्या तारखेची पिशवी काढायची. हक्क आहे तुमचा, पैसे तेवढेच देताय. पण चहा आत्ता लगेच टाकायचा असेल तर पुढची घेतली म्हणून काय बिघडलं? मी आणि बायको दोघंच, आमचं अर्धा लिटर दूध संध्याकाळपर्यंत संपतं, म्हणून मी पुढची घेतो. ज्या घरात दही लावायचंय किंवा दोन दिवस ठेवायचंय त्यांनी मागची घ्यावी. आणि मागची काढताना ज्या पिशव्या पुढे ओढल्या त्या परत सरळ लावाव्यात. फ्रीजचं दार उघडं ठेवून पाच मिनिटं विचार करू नये. नको झालेली वस्तू कुठेही सोडू नये. पनीरचं पाकीट बिस्किटांच्या रॅकवर सापडलं की ते फेकूनच द्यावं लागतं. इथे काउंटरशेजारी एक निळी टोपली ठेवलीय, "नको असेल तर इथे ठेवा" असं लिहून. दर तासाला पोरगा ती रिकामी करून वस्तू जागेवर लावतो. अशी टोपली मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिली नाही. तिच्यामुळे माणसाला लाज न वाटता वस्तू परत करता येते.

हे लाजेचं आलं म्हणून मनातलं सांगतो. ज्यासाठी मी एवढं लिहायला घेतलं ते हेच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक. मी एकोणीस वर्षांचा होतो. दोन-तीन महिन्यांत घरातले पैसे संपले आणि मग आमचं घर वाण्याच्या वहीवर चाललं. सामान आणायला आई मला पाठवायची. दुकानात आठ-दहा माणसं असायची, सगळी आपापल्या घरच्या काळजीत. वाणी वही उघडायचा आणि बोटाने आकडा दाखवायचा, मोठ्याने बोलायचा नाही. आणि मला आजही डोळ्यांपुढे दिसतं: तो बोट ठेवायचा त्या क्षणी बाजूच्या बायका दुसरीकडे बघायच्या. एक जण पदराला गाठ मारायची. एक जण उगाच तांदळाच्या पोत्याकडे बघून "नवा आलाय का हो?" विचारायची. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरचाही आकडा त्याच वहीत होता. त्या न बघण्याने आमच्या घराची इज्जत राहिली. वडील पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. वाण्याची उधारी मी बेस्टला लागल्यावर फेडली.

गेल्या वर्षी या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या, पस्तिशीच्या असतील, सोबत लहान मुलगी. बिल अकराशे चाळीस झालं. त्यांनी फोन लावला, पैसे गेले नाहीत. पुन्हा लावला. मग पर्स उघडली, त्यात हजार रुपये होते. अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मागे कुणीतरी सुस्कारा टाकतं, कुणी मान लांब करून बघतं, काउंटरवरचा पोरगा आतल्या बाजूला ओरडतो, "आयटम कॅन्सल करायचाय!" आणि सगळं दुकान वळून बघतं. इथे काउंटरवरच्या मुलीने आवाज खाली आणून विचारलं, "ताई, काय ठेवू?" बाईंनी शाम्पूची बाटली बाजूला काढली. मुलीने ती न दाखवता निळ्या टोपलीत ठेवली, जणू आधीच नको होती. माझ्या मागच्या गृहस्थांनी आपल्या टोपलीतल्या वस्तू उगाच खालीवर केल्या. मी त्या लहान मुलीला विचारलं, कितवीत आहेस? ती म्हणाली, दुसरीत. एवढ्यात बिल झालं. मागून एक तरुण मुलगा उरलेले पैसे भरायला निघाला होता, मी त्याला डोळ्यांनी नको म्हटलं. त्याचं मन चांगलं होतं. पण त्या बाईंनी मागितलं नव्हतं, आणि सगळ्यांसमोर मिळालेली मदत कधीकधी ओझं होते. त्यांची लहान मुलगी बघत होती. बाई पिशवी उचलून ताठ मानेने गेल्या.

एखाद्याच्या टोपलीत काय आहे हे बघू नये, असं मला फार वाटतं. लाइनीत उभं राहिलं की डोळा जातो, मान्य. पण बोलू नये. "एवढे मॅगीचे पुडे? पोरांना हेच देता का?" असं एका काकूंनी एका बाईंना म्हटलेलं मी ऐकलंय. मोठ्या माणसांसाठीचे डायपर घेणाऱ्या मुलाला "घरी कोण आहे रे?" असं विचारलेलंही ऐकलंय. विचारणाऱ्याच्या मनात माया असेल, पण त्या मुलाला ते उत्तर भर दुकानात द्यावंसं वाटत नव्हतं.

सुट्ट्या पैशांचं भांडण आता राहिलं नाही. मी नोकरीत असताना सुट्टं नसलं की तिकिटामागे बाकी लिहून द्यायचो आणि उतरताना परत करायचो. दिवसाकाठी त्यावरून दोन तरी वाद व्हायचे. आता सगळे फोनने पैसे देतात. पण वेळ दुसरीकडे जातो. शेवटची वस्तू बिल होईपर्यंत फोन खिशात, मग फोन काढायचा, मग नेट नाही, मग दारापाशी जाऊन यायचं. या दुकानाच्या आतल्या बाजूला नेटवर्क कमकुवत आहे, हे लक्षात ठेवा. पट्टीपाशी आलात की अॅप उघडून ठेवा. भाजीला वजनाचं स्टिकर लावलंय का तेही आधीच बघा, कारण एका लिंबाच्या पिशवीसाठी पोऱ्याला काट्यापर्यंत पाठवावं लागलं की सगळी लाइन थांबते. कापडी पिशवी घरून आणा. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर इथे पातळ पिशव्या मिळत नाहीत. मिळते ती कागदी, आणि पावसाळ्यात ती टॉवरच्या फाटकापर्यंतही टिकत नाही.

एक दुपार सांगायची राहिली. तेलाची एक लिटरची पिशवी कुणाच्या तरी हातून पडून फुटली. पांढरी टाइल, त्यावर तेल, दिसतसुद्धा नव्हतं. ज्याच्या हातून पडली तो घाबरून निघून गेला असेल. एक कॉलेजातली मुलगी होती, तिने आपली टोपली रिकामी केली, तेलावर उलटी घातली आणि पोरगा लादी पुसायचं घेऊन येईपर्यंत तिथे उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला "तेल आहे, इकडून या" सांगत होती. पावसात मॅनहोलचं झाकण निघालं की आपल्याकडे कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवतं, त्यातलाच प्रकार. फांदी कुणी खोचली ते कधी कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझी गाडी कुर्ल्याला अडकली होती. रात्रभर आम्ही गाडीतच होतो, चाळीस-पंचेचाळीस माणसं. जवळच्या दुकानदाराने अर्धं शटर उचलून बिस्किटांचे पुडे दिले. पुढच्या बाकावरून मागे पुडे सरकत गेले, प्रत्येकाने दोन बिस्किटं घेतली आणि पुडा पुढे दिला. शेवटच्या सीटवर पोचला तेव्हा त्यात बिस्किटं उरली होती. त्या मुलीला मी हे सांगितलं. तिला बहुतेक कळलं नाही मी काय बोलतोय, पण ती हसली. तिचा जन्मही तेव्हा झाला नसेल.

आता तक्रारी. "पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांना साखर स्वस्त" अशी योजना दिवाळीच्या आधी लावली होती. त्या दिवशी नऊला शटर उघडलं तेव्हा माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. एका आजोबांचा चष्मा पडला. मी मालकांना म्हटलं, तुम्ही गाडी वीस पावलं पुढे थांबवलीत. योजना द्यायची असेल तर माणशी एक किलो द्या आणि दिवसभर द्या. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी काय करतात ते बघायचं. दुसरं, मंगळवारी माल येतो आणि खोकी वाटेतच रचून ठेवतात. काठी घेऊन चालणाऱ्याला तिथून जाताच येत नाही. तिसरं, जाहिरातीचा स्पीकर फार मोठा आहे, त्या आवाजात "जरा जाऊ का?" हळू विचारता येत नाही, ओरडावं लागतं, आणि ओरडलं की समोरच्याला राग येतो. चौथं, दुपारी दोन ते चार एकच काउंटर चालू असतो.

चांगलं एक आणखी. काउंटरजवळ भिंतीला लागून दोन स्टूल आहेत. माझ्या बायकोचे गुडघे गेलेत, ती माझ्याबरोबर येते कारण तिला स्वतः बघून सामान घ्यायचं असतं. मी लाइनीत उभा राहतो, ती स्टुलावर बसते. पहिल्यांदा आलो तेव्हा स्टुलावर एक तरुण बसून फोन बघत होता. काउंटरवरच्या मुलीने त्याला काही म्हटलं नाही, तिने फक्त बायकोला विचारलं, "आजी, बसायचंय ना?" आणि तो उठला. बायकोची उंचीही कमी आहे. वरच्या फळीवरचा पापडखार तिला काढता येत नाही. आजवर एकदाही तिला मागावं लागलं नाही, कोणी ना कोणी "मावशी, कुठला हवाय?" म्हणतंच. ती काढणाऱ्याला नेहमी विचारते, तुला काय खालचं हवंय का रे, मी वाकू शकत नाही पण बघून सांगते.

पाचपैकी चार तारे देतोय. एक कापला तो साखरेचा आणि मंगळवारच्या खोक्यांचा मिळून.

जायचं असेल तर महिन्याच्या दहा तारखेनंतर, सकाळी साडेनऊ ते अकरा. गाडी लावायला जागा नाही, परळ स्टेशनवरून चालत या. रात्री पावणेदहाला शटर अर्धं खाली येतं. तेव्हा आत शिरून यादी काढू नका, काउंटरवरच्या मुलीला पुढे कल्याणची गाडी पकडायची असते. आषाढी-कार्तिकीच्या आदल्या दिवशी साबुदाणा आणि वरीचे तांदूळ दुपारीच संपतात. दोन दिवस आधी जा, आणि अर्ध्या किलोत भागत असेल तर अर्धाच किलो घ्या.